सर्जेरावाची बसकी गाडी

वाघोशीत सर्जेराव खुटाळे नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. किती भोळा, ते त्याच्या गाडीकडे बघून कळायचं. गाडी रस्त्याला पोट टेकल्यासारखी उभी असायची आणि चाकं दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं बाहेर आलेली असायची.

हे असं व्हायला सर्जेरावाचा एक गुण कारणीभूत होता. सांगितलेलं तो ऐकायचा. हा गुण गावात दुसऱ्या कुणाला नव्हता. ग्रामपंचायतीत तर नव्हताच.

आई म्हणाली, "सर्ज्या, गाडी फार उंच आहे रे. चढताना गुडघे धरतात." त्यानं स्प्रिंगा कापून गाडी खाली केली. इतकी खाली, की आई आता सहज आत जायची आणि बाहेर काढायला दोन माणसं लागायची. मग सासरे म्हणाले, "जावईबापू, वळणावर गाडी डुलते. गाडीनं कसं रस्ता धरून चालावं." त्यानं मिळतील तेवढे रुंद टायर बसवले. गाडी रस्ता धरून चालू लागली. टायर मडगार्डही धरू लागले. खड्डा आला की खर्र. वळण आलं की खर्र.

वाघोशीपासून बायकोचं माहेर भोकरमाळ बारा किलोमीटर. मध्ये सात स्पीडब्रेकर. स्पीडब्रेकर म्हणजे काय, तर ठेकेदाराकडे उरलेलं डांबर. ना माप, ना पांढरा पट्टा. नियम कागदावर झोपलेला आणि डांबर रस्त्यावर उठून बसलेलं. दरवेळी सर्जेराव मागं वळून म्हणायचा, "वैजंता, जरा उतर." वैजंता उतरायची. गाडी पलीकडे जायची. वैजंता चालत जाऊन पुन्हा बसायची. चुलतबहिणीच्या लग्नाला जाताना ती नव्या साडीत सात वेळा उतरली आणि सात वेळा बसली. लग्न लागलं, वऱ्हाड परतलं. वैजंता परतली नाही.

"मी येईन तर एकदाच बसून येईन," ती म्हणाली. "घर येईपर्यंत सीटवरनं उठणार नाही. जमत असेल तर पाडव्याच्या आत गाडी घेऊन या. नसेल जमत तर गाडीशीच संसार करा."

सर्जेराव एकटाच घरी आला. सकाळी चहाला त्यानं तिघांचं तीन कप पाणी ठेवलं आणि एक कप ओतून दिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी तो इलाही मिस्त्रीच्या गॅरेजवर गेला.

मिस्त्रीनं चाकाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, मडगार्डची कड टायरला घासतीय. घासणारी कड हातोडीनं ठोकून मुडपायची. जागा होते."

"घासणारी कड ठोकायची," सर्जेराव म्हणाला. एकदा कानावर पडलेलं तो विसरत नसे.

मिस्त्रीनं कड मुडपून दिली. सर्जेराव आनंदानं निघाला. सहा स्पीडब्रेकर कसेबसे गेले, मग शिरसटवाडीच्या शाळेसमोरचा शेवटचा स्पीडब्रेकर आला आणि गाडीचं पोट त्याच्यावर घासलं. सर्जेराव खाली उतरला. वाकून बघितलं. घासणारी कड सापडली. त्यानं हातोडी काढली आणि स्पीडब्रेकर ठोकायला घेतला.

अर्ध्या तासात वीतभर डांबर निघालं आणि चहाच्या टपरीवरची सगळी माणसं जमली.

"ओ पाव्हणं, काय चाललंय?"

"कड मुडपतोय."

"पोरांच्या शाळेपुढं उसाचे ट्रॅक्टर थांबावेत म्हणून दोन वर्षं अर्ज करून करून मिळवलाय तो आम्ही! आणा रे सिमेंट!"

सर्जेरावाकडूनच त्यांनी तो दुरुस्त करून घेतला. हाताला फोड आले. गाववाल्यांनी संधी साधून स्पीडब्रेकर आधीपेक्षा वीतभर उंच करून घेतला. गाडी तिथूनच माघारी फिरली.

"येड्या!" मिस्त्री ओरडला. "रस्त्याला हात लावायचा नाही. आडवा उंचवटा आला की गाडी तिरकी घालायची. एकेक चाक चढवायचं."

"उंचवटा आला की तिरकी," सर्जेराव म्हणाला.

दुसऱ्या खेपेला त्यानं सातही स्पीडब्रेकर तिरके पार केले. एकटाच होता, गाडी रिकामी होती. गेली. सासऱ्यांच्या फाटकाशी पोचला, तर तिथं दगडी उंबरा. चांगला टीचभर उंच. म्हणजे उंचवटा. सर्जेरावानं गाडी तिरकी घातली.

फाटकाला दोन दगडी खांब होते. एकाशी पुढचं चाक अडकलं, दुसऱ्याशी मागचं. गाडी आत जाईना, बाहेर येईना. सासऱ्यांची म्हैस चरून आली, ती बाहेर उभी राहून हंबरू लागली. धार काढणारा भिंतीवरून चरवी घेऊन उतरला.

"दाजी," मेहुणी खिडकीतून म्हणाली, "फाटक आवडलं असेल तर घेऊन जा, पण म्हशीला तेवढं आत येऊ द्या."

सासऱ्यांनी त्याला मिस्त्रीला फोन करायला लावला.

इलाही मिस्त्री मोटरसायकलवरून आला. आधी गाडीकडे बघितलं, मग सर्जेरावाकडे. "अडकलं ना, की चाकातली हवा सोडायची. टायर दबतो, गाडी सुटते." त्यानं दोन चाकांची हवा सोडली, गाडी ढकलून बाहेर काढली, पंपानं हवा भरली आणि निघून गेला.

"अडकलं की हवा सोडायची," सर्जेराव त्याच्या धुराला म्हणाला.

वैजंता दारात उभी होती. पाडवा उद्यावर आला होता. तिनं त्याच्या तळहातावरचे फोड बघितले. काय झालं ते विचारलं. त्यानं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून खूप वेळ हसली. मग आत जाऊन पिशवी घेऊन आली.

"चला. पण माझं बोलणं लक्षात आहे ना?"

"सीटवरनं उठायचं नाही."

"नाहीच उठणार."

सासूबाईंनी दिलेली लोणच्याची बरणी पुढच्या सीटवर ठेवली. सांडू नये म्हणून सर्जेरावानं तिला पट्टा लावला. वैजंता मागं बसली. पहिलाच स्पीडब्रेकर शिरसटवाडीचा. सर्जेरावानं स्वतःच्या हातानं उंच केलेला. त्यानं गाडी तिरकी घातली, एक चाक चढलं, आणि मागच्या वजनानं गाडी मधोमध टेकली. अडकली.

अडकलं की काय करायचं, ते त्याला ठाऊक होतं. त्यानं चारही चाकांची हवा सोडली.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसावी तशी गाडी स्पीडब्रेकरवर बसली.

टपरीवरची माणसं आली. "आला का मुडपणारा!" सर्जेरावानं मिस्त्रीला फोन लावला.

"हवा सोडली?" मिस्त्री फोनमध्ये किंचाळला. "अरे, गाडी टेकलीय ना, मग हवा भर! आणि मागचं वजन उतरव. हलकी झाली की आपोआप वर उठते."

"वजन म्हणजे वैजंता. ती सीटवरनं उठणार नाही म्हणते."

"मग सीटसकट उतरव तिला!" मिस्त्रीनं फोन आपटला.

सर्जेराव पाना घेऊन मागं आला. सीट दोनच नटांवर असते.

"अहो, हे काय करताय?" वैजंता म्हणाली.

"तू उठू नको," सर्जेराव म्हणाला.

टपरीवरच्या चौघांनी सीट उचलली. वैजंता मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसली होती. पालखी नेतात तशी त्यांनी ती रस्त्याच्या कडेला, चिंचेच्या सावलीत ठेवली. शाळेतली पोरं खिडक्यांना लटकली. टपरीशेजारच्या पंक्चरवाल्यानं हवा भरली. गाडी खरोखरच वर उठली. सर्जेराव आत बसला, गियर टाकला आणि स्पीडब्रेकर पार केला.

आवाज नाही. खर्र नाही. काहीच नाही.

सहा महिन्यांत असं झालं नव्हतं. सर्जेरावाचा ऊर भरून आला. तो कान देऊन ती शांतता ऐकत राहिला. मागून कुणीतरी हाका मारत होतं, पण टायरच्या आवाजाकडे लक्ष असल्यावर तसल्या गोष्टी कुठं ऐकू येतात? दुसरा स्पीडब्रेकर गेला. तिसरा गेला. सातवाही गेला. बायको एकदाही उतरली नाही.

आई भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. "आली का रे?"

"आली!" सर्जेराव म्हणाला. "बारा किलोमीटर, सात स्पीडब्रेकर, एकदा घासलं नाही. बघ मागं."

आईनं मागचं दार उघडलं. मागं वैजंता नव्हती. सीटही नव्हती. पुढं लोणच्याची बरणी पट्टा लावून बसली होती.

"सर्ज्या! सून कुठाय?"

सर्जेरावानं आत डोकं घातलं. सीटची रिकामी जागा बघितली. मग त्याचा चेहरा उजळला.

"घाबरू नको आई," तो म्हणाला. "घर येईपर्यंत सीटवरनं उठणार नाही, असं बोललीय ती. तिथंच बसली असेल."