ओल्या पायांचा निवाडा

पाटाचे पाणी जिथे शेवटच्या शेतात उतरते, तिथे ही काळी फरशी आहे. तिच्यावर पावलांचे सहा जोड कोरलेले आहेत. आमच्या गावात भांडण बांधाचे असो की कोंबडीचे, पाच पंच बंधाऱ्यापासून इथवर अनवाणी, पाटाच्या पाण्यातून चालत येतात आणि पाय वाळायच्या आत निवाडा देतात. वाळले, तर पुन्हा बंधाऱ्यापासून. पाहुण्यांना गंमत वाटते. गंमत कसली, आमची लाज आहे ती.

असे सांगतात की एका उन्हाळ्यात शेवटच्या शेतांना पाणी पोहोचेना. पाळीपाळीने पाणी सोडणारा पाटकरी होता उखा भिल्ल. तो मधेच पाट फोडून मेव्हण्याच्या वांग्यांना पाणी देतो, असा बोभाटा झाला. पंच पारावर बसले.

"पाटील, खेकड्यांनी पाट पोखरलाय, तुमच्याच बांधाखाली," उखा म्हणाला. "बांध खणल्याबिगर भगदाड बुजायचं नाही. चला, दाखवतो."

पंचांतले लोटन पाटील हसले. "खेकड्यांवर ढकलतोस होय रे? मग साक्षीला खेकडेच घेऊन ये!"

सगळा पार हसला. ऊन फार होते, पाटलांचा जोडा नवा होता. पाट शंभर पावलांवर, पण एकही पंच उठला नाही. उखाची कुदळ काढून घेतली; पाटाला पुन्हा हात लावायचा नाही, असा निवाडा झाला.

दुसऱ्याच दिवशी पाणी शेवटच्या शेतात खळखळत आले म्हणे. "बघा, चोर गेला नि पाणी आलं!" पाटलांनी गूळ वाटला. संध्याकाळी पाळी संपली, बंधाऱ्याचे तोंड बंद झाले, पाटातले पाणी उतरले. तेव्हा पाटलांच्या बांधाखाली उखा दिसला. भगदाडाला पाठ लावून बसलेला, दोन्ही मुठींत झाडाची मुळे घट्ट धरलेली. जीव केव्हाच गेला होता. कुदळ आम्ही घेतली होती ना. त्याच्याजवळ पाठच उरली होती.

लोकांच्या तोंडात गुळाची चव तशीच होती.

पाचही पंचांनी तिथेच जोडे काढले. माफी मागायची कुणाची?

लोटन पाटील माझ्या सासऱ्यांचे पणजोबा. आमच्या घरात ही गोष्ट सांगताना बांध कुणाचा ते गाळतात. मी गाळत नाही. आता पाचांत मीही आहे. मागे माझा पुतण्या म्हणाला, "काकू, तांब्याभर पाणी पायांवर ओतलं तर नाही का चालणार?" म्हटले, "चालेल की. मग निवाडाही तांब्यालाच देऊ दे."

आजही आम्ही पाच जण पाच जोडांवर उभे राहतो. सहावा उखाचा, त्यावर कुणी पाय ठेवत नाही. तो कधी वाळत नाही, असे सांगतात. शिकलेले म्हणतात, तुमच्याच पायांचे पाणी तिकडे ओघळते. ओघळत असेल. निवाडा देताना मी वादी पाहते, प्रतिवादी पाहते. त्या जोडाकडे मात्र अजून माझी मान वळत नाही.