पलीकडच्या रानातला मुक्काम

सह्याद्रीच्या माथ्यावरील एका दाट जंगलात शेकरूंचे एक कुटुंब राहत असे. शेकरू म्हणजे तांबूस पाठीची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. आई, बाबा, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा असे चौघे उंच जांभळीवर घरटे करून राहत. जांभळीखाली एक विश्रामगृह होते. तिथे येणारी माणसे हौसेने शेंगदाणे टाकीत, बिस्किटे टाकीत. त्यामुळे खाण्यासाठी कुणाला लांब जावे लागत नसे. मुले खालच्या फांदीवर बसून राहायची, खाऊ पडला की झडप घालायची आणि त्यावरून भांडायची. थोरली धाकट्याच्या हातचे ओढून घ्यायची, मग तो दिवसभर तिच्याशी बोलायचा नाही.

आईला हे बघवत नसे. थंडीचे दिवस सुरू झाले, सकाळी पानांवर दव दिसू लागले, की तिला आपले लहानपण आठवे. तिचे वडील याच दिवसांत सगळ्या पिल्लांना घेऊन दरीपलीकडच्या रानात मुक्कामाला जात. तिथे एक जुने अंजनाचे झाड होते. त्यावर सगळ्यांनी मिळून तात्पुरते घरटे बांधायचे, तीन दिवस राहायचे आणि परत यायचे. वडील एरवी अबोल होते, पण त्या तीन दिवसांत ते किती बोलत! हा आवाज हरियाल पक्ष्याचा, हा माकडाचा, या सालीला असा वास येतो, असे एकेक सांगत. संध्याकाळी पिल्ले त्यांच्या पोटाशी शिरत, तेव्हा त्यांच्या पंजांना कोवळ्या डहाळ्यांचा वास येत असे. वडील जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली होती, पण तो वास तिला अजून येई.

एके दिवशी ती म्हणाली, "आपण मुलांना घेऊन पलीकडच्या रानात जाऊ या."

बाबांना पटेना. "अगं, इथं काय कमी आहे? खाऊ दाराशी येऊन पडतो. तिकडे खारींवर झडप घालणारी मोरघार असते. कशाला उगीच जीव धोक्यात घालायचा?"

"माझ्या वडिलांना काय मोरघार ठाऊक नव्हती? पण ते आम्हांला नेत होते," आई म्हणाली. "या मुलांना झाडं ओळखता येत नाहीत. दोन फांद्यांमधलं अंतर बघून धाकट्याचे पाय कापतात. मोरघार इथंही येईल एखाद्या दिवशी. तेव्हा काय करायचं, ते त्यांना कोण शिकवणार?"

बाबा तयार झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघे निघाले.

वाटेत मुलांनी कुरकुर केलीच. "किती लांब आहे?" "शेंगदाणे कधी मिळणार?" दुपारी एका उंबरावर थांबले, तेव्हा धाकट्याने फळ हुंगून तोंड वाकडे केले. तासाभराने मात्र त्याने पोट भरून उंबरे खाल्ली आणि गालाला लागलेला गर तसाच ठेवून पुढे निघाला. आई सगळ्या वाटेने अंजनाच्या झाडाबद्दल सांगत होती. त्याच्या फांद्या कशा रुंद होत्या, त्याला निळीजांभळी फुले कशी लगडत, सगळे.

संध्याकाळी ती त्या जागी पोहोचली आणि थबकली. झाड तिथे नव्हते. कधीतरी वादळात उन्मळून दरीत गेले असावे. जिथे त्याचा पसारा होता, तिथे मोकळे आभाळ दिसत होते. आईला वाटले, एवढ्या हौसेने सगळ्यांना आणले आणि दाखवायला काहीच उरले नाही!

तेवढ्यात त्या मोकळ्या आभाळातून एक सावली सरकली. "मोरघार! खोडाला चिकटा!" बाबा ओरडले आणि आईसह जवळच्या खोडाला बिलगले. थोरलीही एका झेपेत खोडाशी गेली. धाकटा मात्र फांदीच्या टोकाला होता आणि भीतीने जागच्या जागी थिजला होता. मोरघार वळली. आई त्याच्याकडे झेपावणार, इतक्यात थोरली परत फांदीवर धावली. "डोळे मीट आणि माझी शेपटी धर!" ती म्हणाली. धाकट्याने तिची शेपटी घट्ट पकडली. तिने त्याला ओढत खोडाच्या मागच्या बाजूला नेले आणि स्वतः त्याच्या अंगावर आडवी झाली. मोरघारीचे पंख फांदीला घासून गेले. दोन पाने गळून खाली गेली. मोरघार आणखी एक घिरटी घालून दरीत उतरली.

 मग धाकटा हुंदके देत म्हणाला, "ताई, तू परत का आलीस? तुला नेलं असतं तर?"

"मग काय तुला एकट्याला सोडू?" थोरली म्हणाली. 

त्या दिवशी चौघांनी शेजारच्या हिरड्यावर घरटे बांधले. डहाळ्या कशा आडव्या-उभ्या घालायच्या, ते आईने दाखवले. मुलांनी घातलेली बाजू दोनदा सुटली. तिसऱ्यांदा टिकली, पण वाकडीच राहिली. त्या वाकड्या घरट्यात सगळे दाटीवाटीने बसले. थोरलीने विचारले, "आई, आजोबा कसे होते ग?"

आई सांगू लागली. वडील कसे बोलत, कसे रागावत, एकदा आपणच बांधलेल्या घरट्यातून ते कसे खाली घसरले आणि पिल्ले कशी हसली! मुलेही हसली. बाबा म्हणाले, "हे मला कधीच सांगितलं नाहीस." सांगता सांगता आईच्या ध्यानात आले, की झाड गेले तरी तिच्याजवळचे काही गेले नव्हते. वडिलांनी तिला झाड दिलेच नव्हते मुळी. त्यांनी तिला आपले तीन दिवस दिले होते.

पुढचे दोन दिवस मुलांना परत जायची आठवणही झाली नाही. घरी आल्यावरही ती भांडत, नाही असे नाही. पण धाकटा रुसला, की थोरली आपणहून त्याच्याजवळ जाऊन बसे.

पुढे पुष्कळ वर्षे गेली. मुले मोठी होऊन आपापल्या झाडांवर राहायला गेली. बाबा वारले. आई एकटीच जांभळीवर असे. एका थंडीच्या सकाळी ती उन्हात बसली होती, तेव्हा थोरली आपली दोन पिल्ले घेऊन आली. तिच्या मागून धाकटाही आला.

"आई, आम्ही मुक्कामाला निघालोय. तुला न्यायला आलो," थोरली म्हणाली.

आई ओशाळली. "अगं, आता कुठं येऊ मी? माझी उडी पूर्वीसारखी लांब जात नाही. तुमचा खोळंबा होईल."

धाकटा तिच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मग या वेळी आपण जवळजवळच्या फांद्यांची वाट धरू. दोन दिवस जास्त लागतील, एवढंच ना? लागू देत की!"

आई उठली. तिने दोन्ही पिल्लांना पुढे घातले आणि पहिली फांदी ओलांडली.

तात्पर्य : आईवडिलांबरोबर मोकळ्या रानात काढलेले चार दिवस मुलांना धीट करतात आणि एकमेकांच्या जवळ आणतात, मोठेपणी ती मुले तेच दिवस आपल्या माणसांना परत देतात.