अनंताच्या कळ्या

फार वर्षांपूर्वी वेणूकाकूंच्या अंगणात अनंताचं झुडूप होतं. दर चैत्रात त्याचं पहिलं फूल काकू गौरीला वाहत.

एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी अंगण नीटनेटकं करायला काकूंनी कात्री घेतली. अनंत कात्रीला म्हणाला, "ताई, आज जरा अडकून बस. माझ्या शेंड्यांत कळ्या धरल्यात."

"मला तर दिसत नाहीत. आणि तू बारा महिने हिरवा, तुझं काय जातंय?" म्हणत कात्रीने त्याला छान गोल छाटलं.

चैत्रात काकू तबक घेऊन आल्या. त्यांनी एकेक फांदी वाकवून पाहिली. "रुसलास का रे माझ्यावर?" म्हणाल्या आणि रिकामं तबक घेऊन आत गेल्या.

पुढच्या चैत्रात अनंत फुलांनी भरून गेला. तेव्हा गौर मांडायला काकू नव्हत्या. फुलं पिवळी पडून गळत होती, आणि खिळ्यावरची कात्री गंजून घट्ट अडकली होती.