जानव्यातली किल्ली

"आणि कुलूप कुणासाठी?" हैदरबाबांनी विचारलं.

आठल्ये मास्तरांना हा प्रश्न मुळीच आवडला नाही. त्रेचाळीस वस्तूंची यादी त्यांनी एका दमात वाचून दाखवली होती, आणि शाबासकी द्यायची सोडून म्हाताऱ्यानं विचारलं काय, तर कुलूप!

वादळ दुपारी किनाऱ्याला लागणार, असं रेडिओ सकाळपासून ओरडत होता. मास्तरांची पेटी मात्र चार दिवस आधीच भरून तयार. बॅटऱ्या, मेणबत्त्या, पोहे, गूळ, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, मलम, शिट्टी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले घराचे कागद. निवृत्त झाले तरी विज्ञानाचे मास्तर ना ते! बाबांच्या हातचा दोरा तेवढा पेटीला बांधायचा राहिला होता. गावातले लोक होडीला, गोठ्याला असा दोरा नेत, म्हणून मास्तरही ओढ्यावरचा लाकडी साकव ओलांडून टेकडीवरच्या दर्ग्यात आले होते.

"कुलूप... लोकांसाठी," ते म्हणाले.

"चोर?"

"वादळात कसले चोर येतात, बाबा! शेजारी येतात. मागच्या खेपेला तो पांडू मयेकर आला. मेणबत्त्या द्या, काडेपेटी द्या. दिल्या. आणि आम्ही बसलो अंधारात. यंदा म्हटलं, तोंडावर नाही म्हणायचा वाईटपणाच नको. कुलूप लावलं. चांगलं सात लिव्हरचं."

बाबा हातातला दोरा वळत राहिले.

"आई कशा आहेत?"

"दमा आहेच. जुन्या पंपात चार-दोन दाब उरलेत. पण काळजी नाही, नवा पेटीत टाकलाय. यादीत नववा."

"किल्ली?"

मास्तर हसले. याच प्रश्नाची तर ते वाट बघत होते. सदऱ्यात हात घालून त्यांनी जानवं बाहेर ओढलं. जानव्याला किल्ली.

"ही बघा! आंघोळीलासुद्धा अंगावेगळी होत नाही."

"छान. आई कुठं आहेत?"

"घरी."

"पेटी?"

"घरी."

"तुम्ही?"

मास्तरांनी किल्ली मुठीत धरली आणि घराच्या दिशेला पाहिलं.

बाहेर माडांचे शेंडे एकदम एका बाजूला झुकले. रेडिओनं सांगितलेली वेळ वादळाला कुणी कळवली नव्हती. मास्तर धावले. चपला दर्ग्याच्या पायरीवरच राहिल्या.

ओढ्यापाशी आले तेव्हा साकवाची एक फळी दिसत होती. बघता बघता तीही पाण्याखाली गेली. त्यांनी पाय घातला, तर पाण्यानं असा हिसडा दिला की करवंदीच्या जाळीला धरून कसेबसे ते वर आले. मोबाइल काढला. रेंज नाही. पलीकडे घर, घरात आई, तिच्यापाशी एकटी बायको कुमुद, आणि किल्ली इथं छातीवर थंडगार लागत होती.

ते रडतच माघारी आले. चौसष्ट वर्षांचा माणूस, पण लाज कसली तेव्हा!

"बाबा, काहीतरी करा! गुदमरेल हो ती! कुमुद एकटी काय करेल? दुआ करा!"

"करतोय." बाबांनी त्यांच्या अंगावर घोंगडी टाकली. "तुम्हीही करा."

"काय मागू?"

"पांडू मयेकराला ऐकू जावं."

"...आणि?"

"आणि कुलूप कच्चं निघावं."

मास्तरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की आता रागानं उठून जातील. पण जाणार कुठं? कौलं उडत होती, समुद्र दगडांवर आपटत होता. शेवटी त्यांनी डोळे मिटले. ज्या कुलपासाठी चार दुकानं हिंडले होते, त्याच्यावर उलटून ते देवाला विनवू लागले. देवा, तुटू दे रे ते. फसवलं असू दे मला दुकानदारानं. पांडूच्या कानावर घाल. पांडूला पाठव.

चार वाजता वारा पडला. ओढा कमरेपर्यंत उतरला, तसे मास्तर कठड्याला धरून पलीकडे गेले आणि अनवाणी पळत सुटले. वाटेत काय पडलं, कुणाचं मोडलं, इकडे त्यांचं लक्षच नव्हतं. डोळे फक्त स्वतःच्या दाराकडे.

आई खाटेवर बसून चहा पीत होती.

मास्तर उंबऱ्यातच खाली बसले.

पेटीची कडी मुळासकट उखडली होती. कुलूप मात्र शाबूत, जमिनीवर पडलेलं.

"वरवंट्यानं ठोकून ठोकून माझा हात सुजला," कुमुदताई कडाडल्या. "बरं, कुणाला बोलवावं तर शिट्टीही तुमच्या पेटीत! ओरडून ओरडून घसा बसला. शेवटी पांडूनं ऐकलं. भर वाऱ्यात मधला दगडी गडगा ओलांडून आला बिचारा, पहार घेऊन. दोन घावांत कडी उडवली. म्हटलं, थांब, घोटभर चहा घे. तर थांबतोय कुठला? सारखा मागं आपल्या घराकडे वळून बघत होता. तसाच धावत गेला."

मास्तरांनी आईचे पाय धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा टेकडी चढून आले. चपला बाबांनी पुसून ठेवल्या होत्या.

"पांडू पहार घेऊन आला म्हणून आई वाचली. कुलूप ओढ्यात फेकलं, बाबा. किल्लीही," मास्तर म्हणाले. आवाज पुन्हा वर्गात शिकवताना असायचा तसा खणखणीत झाला होता. "आता पेटी उघडी. यादीत चव्वेचाळिसावं नाव घातलंय, पांडू मयेकर. तो आला की सांगणार आहे, लागेल ते ने म्हणून."

"आला की?"

"म्हणजे... येईलच ना. मागायला येतोच तो." मास्तरांनी हात पुढे केला. "आता तरी दोरा द्या."

बाबांनी दोरा उचलला. मास्तरांच्या तळहातापर्यंत नेला, आणि तिथंच थांबले.

"पांडू पहार घेऊन तुमच्याकडे आला..." बाबा हळू आवाजात म्हणाले, "तेव्हा त्याच्या घरी कोण होतं, मास्तर?"