माहेरवाशिणीची पाठवणी

फार फार पूर्वी, जेव्हा डोंगर माणसांच्या ओळखीचे होते आणि उंदीरसुद्धा दोन शब्द बोलून मगच दाणा पळवत, तेव्हाची ही गोष्ट.

एका उंच डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथं हिवाळ्यात बर्फ पडे, पण 'बर्फ पडला' असं कुणी म्हणत नसे. 'माहेरवाशीण आली' म्हणत. ती डोंगराची लेक. सासर तिचं दूर खाली, नदीकाठच्या मैदानात. तिथं वर्षभर राबायची, पिकांना पाणी पाजायची, आणि थंडी पडली की विसाव्याला माहेरी यायची. पहिली भुरभुर सुरू झाली की बाया उंबऱ्यात उभ्या राहून तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकत.

तिच्या बाबतीत गावाचा एक नेम होता. ती छपरावर टेकली की तिला झाडू लावायचा नाही, फावडं दाखवायचं नाही. माहेरी आलेल्या लेकीला कुणी 'ऊठ' म्हणतं का? आणि तीही शहाणी होती. थोडे दिवस विसावे, ऊन पडलं की हळूच अंगणात उतरे आणि ओढ्याच्या वाटेनं निघून जाई.

गावाच्या वरच्या अंगाला धान्याचं कोठार होतं. भिंती दगडी, छप्पर देवदाराच्या फळ्यांचं, आणि आत सगळ्या गावाचं बियाणं. ते बियाणं गेलं तर वसंतात पेरायला मूठभर दाणा मिळायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कोठाराची किल्ली एका बाईच्या कमरेला असे. तिला सगळे कोठारीण म्हणत. हात सढळ, जीभ तिखट, आणि चालीरीतींचा प्रश्न आला की गावात शेवटचा शब्द तिचाच.

त्या साली कोठारणीची एकुलती एक लेकही माहेरी आली होती. तिचं सासर खिंडीपलीकडे होतं. तिथं तिच्या शेळ्या विणार होत्या, आणि नवरा बिचारा एकटाच त्यांच्यामागे धावत असणार.

"आई, निघते आता," लेक म्हणायची.

"निघतेस काय? अजून चार दिवस राहा की," आई म्हणायची आणि ताटात तुपाची धार धरायची.

आता चार दिवस म्हणजे किती, हे आयांना विचारू नये. कोठारणीचे चार दिवस काही संपेनात. वाट मोकळी होती तोवर तिनं लेकीला सोडलं नाही, आणि मग डोंगराची लेकही आली.

काय सुंदर आली ती! आवाज नाही, पाऊल नाही. झाडं पांढरी झाली, कुंपणं पांढरी झाली, गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवरही पांढरं बारीक नक्षीकाम उमटलं. गाव जागेपणीच स्वप्नात चालू लागलं. माणसं हळू बोलत, चुलीपाशी बसून बाहेर पाहत राहत, आणि एकमेकांना सांगत, "यंदा माहेरवाशीण रमली बरं का!"

ती रमली ती रमलीच. ऊन काही पडेना. छपरांवर हातभर थर झाला, मग कमरेइतका. एका सकाळी गवताची वळई ठेवायची खोपी मुकाट्यानं खाली बसली. दुसऱ्या दिवशी लाकडांच्या कोठीचं आढं मोडलं. नशीब, आत कुणी नव्हतं. माणसं हबकली आणि कोठारणीकडे गेली.

"काकू, फावडी काढायची का?" गावच्या सुतारानं भीत भीत विचारलं. "कोठाराचं छप्पर वाकायला लागलंय."

"लेकीवर फावडं उगारता?" कोठारीण कडाडली. "आपल्याच पाहुणचारात काही कमी पडलं असेल. अजून एकदा ओवाळा!"

लोकांनी मुकाट ओवाळलं. ओवाळल्यानं छप्पर हलकं होत असतं तर हवंच काय होतं!

त्याच दुपारी कोठारीण बियाण्याला वारा लागतोय का ते बघायला कोठारात गेली. दारातच तिला कोठारातला म्हातारा उंदीर भेटला. बायको, पोरंबाळं, नातवंडं, सगळं लटांबर पाठीशी.

"जातो, मावशी," उंदीर म्हणाला.

त्या गावात 'जातो' कुणी म्हणतच नसे. निघणारा 'येतो' म्हणे.

"अरे मेल्या, येतो म्हणावं!"

"परत यायला छप्पर राहणार असतं तर म्हटलं असतं," उंदीर म्हणाला. "तुझं पुष्कळ खाल्लंय मावशी, खोटं कशाला बोलू?" आणि लटांबर भिंतीच्या कडेकडेनं निघून गेलं.

कोठारीण आत जाऊन बियाण्याच्या कणगीला टेकून बसली. वर फळ्या बारीक कण्हत होत्या. झरोक्यातून पांढरा उजेड येत होता, मऊ, दुधाच्या सायीसारखा. त्या उजेडात तिचे डोळे कधी मिटले ते तिला कळलं नाही.

तिला दिसलं, छपराच्या आढ्यावर पांढरं लुगडं नेसलेली एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली आहे.

"आई, मी जड झाले ना गं?" मुलगी म्हणाली.

"माहेराला लेक कधी जड होत नाही, बाळ."

"होते, आई. चालत असते तेव्हा मी पाणी असते, बसून राहिले की ओझं होते. खाली माझी शेतं तहानली आहेत. नदी वाट बघते आहे."

"मग गेली का नाहीस?"

"दर वर्षी ऊन माझा हात धरून खाली उतरवायचं. यंदा ते आलंच नाही. आणि तुम्ही ओवाळून मला घरात घेता, पण निघताना माझी ओटी कुणी भरली? रिकाम्या ओटीनं, कुणी 'ये' म्हटल्याशिवाय, लेक उंबरा ओलांडते का?"

आवाज ओळखीचा वाटला. कोठारणीनं निरखून पाहिलं, तर तो चेहरा तिच्या स्वतःच्या लेकीचा होता.

"आई! ऊठ, बाहेर ये!"

तिनं डोळे उघडले. लेक खरोखरच दारातून धावत आली होती. तिनं आईचा दंड धरून तिला बाहेर ओढलं, आणि मागं कडाड् आवाज झाला. छपराचा एक कोपरा खाली आला. जिथं कोठारीण टेकून बसली होती ती कणगी बर्फाखाली दिसेनाशी झाली.

कोठारणीनं लेकीला पोटाशी धरलं आणि रडली, अगदी हमसून हमसून. मग डोळे पुसले आणि गावाकडे तोंड करून हाक मारली, "अगं बायांनो, ओटीचं सामान आणा! आणि बाप्यांनो, फावडी काढा! माहेरवाशिणीची पाठवणी करायची आहे!"

सगळं गाव धावत आलं. त्या उंचीवर नारळ कुठला? ओटीत अक्रोड असे. कोठारणीनं छपराच्या कडेला बर्फावर हळदकुंकू वाहिलं, अक्रोड ठेवला, ओंजळभर दाणे घातले आणि म्हणाली, "ये गं बाई. पुढच्या वर्षी ये."

मग लाकडी फावडी चालू लागली. हाकलून दिल्यासारखी नाही, हात धरून उतरवल्यासारखी. बाया पाठवणीची गाणी म्हणत होत्या, आणि बर्फ एकेका छपरावरून खाली उतरत होता. फळ्या हलक्या झाल्या तशा सुस्कारल्या. कोठार वाचलं. एक कोपरा तेवढा गेला, त्याखालचं बियाणं भिजून वाया गेलं, आणि त्या वसंतात वरच्या अंगाची शेतं पडीक राहिली. कोठारीण त्यांच्या बांधावरून जाताना मान खाली घाली.

फावडी हातात होतीच, म्हणून त्याच माणसांनी खिंडीपर्यंतची वाटही मोकळी केली. दुसऱ्या सकाळी कोठारणीनं दुसरी ओटी भरली, लेकीची. लेक पाया पडली.

"येते, आई."

'अजून चार दिवस' हे शब्द कोठारणीच्या ओठांपर्यंत आले होते. ते तिनं गिळले. लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ये."

पांढऱ्या वाटेवर लेक लहान लहान होत दिसेनाशी झाली. कोठाराच्या भिंतीकडेनं म्हातारा उंदीर सहकुटुंब परत येत होता.

तेव्हापासून त्या गावात छपरावर वीतभर बर्फ साचला की ऊन पडायची वाट कुणी बघत नाही. अक्रोड आणतात, ओटी भरतात, गाणी म्हणत माहेरवाशिणीला खाली उतरवतात. आणि ती न चुकता दर वर्षी येते.

म्हणून लक्षात ठेवा, बाळांनो आणि बाळांच्या आयांनो: ज्याला मायेनं बोलावलं, त्याला वेळेवर मायेनं निरोपही द्यावा, अडवून धरलेली माया शेवटी आपल्याच डोक्यावर कोसळते.