धुक्यातली घंटा

घाटमाथ्यावरच्या धुक्यात गुरे दिसत नाहीत, गळ्यातल्या घंटेच्या आवाजावरूनच ओळखावी लागतात. म्हणून भागीरथी ओतारणीच्या नव्या भट्टीवर गिऱ्हाईक स्वतः यायचे, वाजवून बघायचे आणि गावात दुसऱ्या कुणाकडे नसलेल्या आवाजाची घंटा घेऊन जायचे.

घाऊक व्यापारी विसूशेटांना हे रुचले नाही. "एकाच साच्यातून शंभर घंटा ओत आणि सगळा माल मला दे," ते म्हणाले. "नाहीतर या घाटात तुला पितळेचा तुकडा मिळू देणार नाही."

"आधी नमुना तर ऐका," भागीरथी म्हणाली.

आठ दिवसांनी शेट आले. तिने एकाच साच्यातून दहा घंटा ओतल्या होत्या. एक तिने शेटांच्या घोडीच्या गळ्यात बांधली, उरलेल्या नऊ घंटा गावच्या गुरांच्या गळ्यात, आणि सगळी जनावरे माळावर सोडली. "आता आपली घोडी शोधून आणा."

भर दुपारी धुके उतरले. शेटांना डावीकडे घंटा ऐकू आली. ते वळले, तर तोच आवाज पाठीमागून आला, मग उजवीकडून. जनावर एकही दिसेना. त्यांनी आणखी एक पाऊल टाकले, आणि घंटा थेट पायांखालून वाजली. त्याच क्षणी एका गार हाताने त्यांचा दंड गच्च धरला. समोर दरी होती.

"भागीरथे," शेट मागे सरकत म्हणाले, "यातली माझी घोडी कुठली?"

"कुठलीही घ्या, शेट," ती कानाशी म्हणाली. "तुमच्या मालात सगळ्या सारख्याच."

शेट पायीच घरी गेले. दुसऱ्या दिवशी घोडी न्यायला आले, तेव्हा भट्टीपाशी बराच वेळ बसून त्यांनी एकेक घंटा वाजवून पाहिली, आणि एकच विकत घेतली.