तपकिरी डोक्याचा गरुड

अगं, झोपू नकोस एवढ्यात, आधी हे ऐक! पार उत्तरेला, त्या बर्फाच्या राज्यात काय झालं माहितीये?

तिथे होता एक राजा. राजा कसला, अर्धं वर्ष भुकेलाच. थंडी इतकी लांबायची, की कोठारातलं सगळं संपायचं. उरायचं फक्त बियाणं. सातूचं एकच पोतं. ते पेरायचं कधी? तर नदीकाठच्या उंच झाडावर एका गरुडाचं घरटं होतं. पांढऱ्याशुभ्र डोक्याचा मोठा गरुड, बरं का. थंडीत तो दक्षिणेला जायचा. तो परत आला, की वसंत आला. मग पेरायचं. आधी पेरलं तर कोंब गारठून मरणार. उशीर केला तर पीक तयार व्हायच्या आत पुन्हा बर्फ. म्हणजे दोन्हीकडून उपाशी!

म्हणून टेकडीवर एक बाई बसवलेली. भिवरा तिचं नाव. तिचं काम एकच. गरुड दिसला की ओरडायचं, "आला हो आला!"

तर त्या वर्षी आला एक गरुड. घरट्यावर घिरट्या घालायला लागला. पण डोकं तपकिरी! भिवरेने ओठावर आलेली हाक गिळली.

खालून शेजारची बायजाक्का ओरडली, "काय गं भिवरे, डोळे आहेत की खारका? तो काय फिरतोय वर!"

"आपला नाही तो, बायजाक्का. आपल्याचं डोकं पांढरं."

मग धापा टाकत राजाच वर आला. "अगं ओरड की! पोट पाठीला लागलंय माझं."

"डोकं पांढरं नाहीये, महाराज."

"मग चुना लाव त्याला!"

भिवरा काही हसली नाही. पोतं एक, आणि सगळं राज्य तिच्या तोंडाकडे बघतंय. केवढं टेन्शन!

दुसऱ्या दिवशी त्या गरुडाने एक काटकी आणली, घरट्यात खोचली. पडली. परत आणली. भिवरा मनात म्हणाली, दुसऱ्याच्या घराची डागडुजी कोण करतं? पण हाक काही दिली नाही.

तिसऱ्या दिवशी तो नदीवर झेपावला आणि पंजात मासा धरून टेकडीवरून गेला. भिवरेच्या कपाळावर टपकन थेंब पडला. पाणी! म्हणजे नदी बर्फातून मोकळी झाली होती. आणि घरट्यात काटक्या खोचणारा हा परका नव्हताच. ह्याच घरट्यातलं पिल्लू होतं ते, मोठं झालेलं. म्हातारा पांढऱ्या डोक्याचा काही आला नव्हता.

मग ती अशी ओरडली, अशी ओरडली, की राजाच्या हातातला शेवटचा वाळका मुळा खाली पडला.

"अगं, पण डोकं?" राजा म्हणाला.

"तुमचं काय जन्मल्यापासून पांढरं होतं, महाराज?"

राजाने डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "पेरा."

पेरलं. सगळे रोज सकाळी धावत जाऊन माती बघायचे. आणि एके दिवशी कोंब आले, हिरवेगार, आणि टिकले. गरुडाचं डोकं? झालं की पांढरं, हळूहळू. कुणाला घाई नव्हती.

त्या वर्षी सगळे पोटभर जेवले, राजा जरा जास्तच, आणि पांघरुणं ओढून झोपले. आता तूही डोळे मिट. पण मिटता मिटता एवढं सांग, टेकडीवर तू असतीस, तर कितव्या दिवशी ओरडली असतीस?